राखणीची होडी

ही गोष्ट सांगायची मी आयुष्यभर टाळली. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलाला सांगितली नाही, तो आता पन्नाशी ओलांडून गेला. रत्नागिरीकडे गावी गेलो की कोणीतरी विषय काढायचंच. ‘तुम्ही तर तेव्हा तिथेच होतात ना?’ मग मी चहा मागायचो, किंवा नमाजाची वेळ झाली म्हणून उठायचो.

आता लिहितोय त्याला कारण टीव्हीवरची एक बातमी. शारजात अल नहदाला मुलाच्या फ्लॅटवर शुक्रवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आयर्लंडच्या उत्तर भागातले काही लोक निवडून आले आहेत, पण लंडनच्या पार्लमेंटमध्ये ते नेहमीप्रमाणे बसणार नाहीत, असं निवेदक सांगत होता. मुलगा हसला. “निवडून यायचं आणि जायचंच नाही? मग मतं कशाला मागता? वेडे आहेत.” नात म्हणाली, “इट्स अ प्रोटेस्ट, डॅडी.” तो म्हणाला, “खलास, प्रोटेस्ट! रिकाम्या खुर्चीला कोण विचारतो?”

मी हात न धुताच उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. रिकाम्या खुर्चीला एकदा विचारलं होतं. मी समोर बसून ऐकलं होतं.

साठचं दशक संपत आलं होतं. अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता. दुबईत भारताचा रुपया चालायचा तो नुकताच बंद होऊन रियाल आले होते. एका इंग्रजी कंपनीने खाडीच्या तोंडाशी समुद्रात दगडी बांध घालायचं काम घेतलं होतं. बार्ज म्हणजे सपाट तळाची मोठी नाव. तिच्यावर दगड लादायचे, ती ओढत न्यायची आणि क्रेनने दगड पाण्यात सोडायचे, असं ते काम. मी ऑफिसात टायपिस्ट होतो. वय चोवीस. कॅम्पमधल्या आमच्या लोकांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा मी एकटाच, त्यामुळे कोणाला साहेबाशी बोलायचं झालं की दुभाष्या मीच.

बार्जचे टंडेल, म्हणजे तिच्यावरच्या खलाशांचे म्होरके, गावाकडच्या आमच्याच खाडीकाठचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. पन्नाशीचे, बुटके, मान नसल्यासारखे दिसणारे. तोंडात विडी, ती बहुतेक वेळा विझलेली. त्यांनी आपल्या जावयालाही इकडे आणलं होतं. तो मंडणगडच्या डोंगरातला. त्याला पोहता येत नव्हतं, आणि चाचा त्यावरून त्याला रोज सोलत.

“मुलगी दिली डोंगऱ्याला,” ते सगळ्यांसमोर म्हणायचे. “विहिरीत उतरला तरी दोर सोडत नाही.”

“तुमच्या मुलीने दोर धरलाय, अब्बा,” जावई म्हणायचा, “तो सोडला तर तुम्हीच माराल.”

पोहता न येणारे त्या बार्जवर आणखीही होते. म्हणून आदल्या वर्षी चाचांनी एक दिवस सगळ्या बार्ज नांगरून ठेवल्या होत्या. मागणी एकच होती. काम चालू असताना बार्जच्या बाजूला एक होडी उभी पाहिजे, दोन वल्हेवाल्यांसकट. पडला माणूस की उचलला. साहेब चिडला, पण दगड थांबले होते. दुपारपर्यंत होडी मिळाली. तिला सगळे राखणीची होडी म्हणू लागले. दिवसभर ती तिथे डुलत असायची, आणि वल्हेवाले कंटाळून गरी टाकून मासे धरत बसायचे.

कॅम्पात आणखी एक माणूस होता, त्याच्याशिवाय ही गोष्ट घडली नसती. तो क्रेनवरचा फोरमन, आयरिश. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं साखळीत चेमटून गेली होती, लिहिता येत नसे. संध्याकाळी तो ऑफिसात यायचा, टेबलावर बसायचा आणि घरची पत्रं मला सांगायचा. मी टाइप करायचो. सगळी पत्रं धाकट्या भावाला, आणि सगळ्यांत एकच भांडण.

त्याचा बाप जुन्या बाण्याचा. सबंध आयर्लंड एक आणि स्वतंत्र, यापेक्षा कमी काही नको, असं म्हणणाऱ्यांपैकी. हे लोक निवडणूक लढवत, पण निवडून आल्यावर सभागृहात पाय ठेवत नसत. लंडनला बसायचं तर आधी राणीशी इमान राखायची शपथ घ्यावी लागे. डब्लिनचं सभागृह उत्तरेचा तुकडा सोडून उरलेल्या देशाचं, म्हणून तिथेही नाही. बाप निवडणुकीत दारोदार मतं मागत फिरायचा. बायका विचारायच्या, तुमचा माणूस बसणारच नाही तर मत कशाला? बाप म्हणायचा, नाही म्हणायलासुद्धा मतं लागतात, बाई.

धाकट्या भावाला हे पुरे झालं होतं. त्या वर्षांत त्यांच्या पक्षातच वाद पेटला होता की हा नेम आता मोडावा का. भाऊ लिहायचा, नदीवरचा पूल पडला, मुलं वळसा घालून शाळेत जातात, आणि पुलाचा विषय निघतो त्या खोलीत आपली खुर्ची तेवढी रिकामी. किती वर्षं हा सोवळेपणा? फोरमन उत्तर द्यायचा, एकदा शपथ घेऊन आत गेलास की पूल मिळेल, पण त्यांच्या मेहरबानीने मिळेल. पुढच्या महिन्यात तोच लिहायचा, कदाचित तुझं खरं असेल. त्याचं ठरत नव्हतं. मला वाटतं, त्या भांडणातून सुटायलाच तो इतक्या लांब आला होता.

एका पत्रातलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. “आत बसायचं नसेल तर आत बोललेला शब्द न् शब्द तुम्हाला बाहेर कळला पाहिजे, आणि कळल्यावर काहीतरी करता आलं पाहिजे. नाहीतर ते तत्त्व नव्हे, तो रुसवा.”

मी ते टाइप केलं, पाकिटात घातलं, चिकटवलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीने एक नवी टूम काढली. महिन्यातून एकदा समितीची बैठक होणार. साहेब, अकाउंटंट, डॉक्टर आणि कामगारांनी निवडलेला एक माणूस. बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मत टाकायला खजुराच्या बिया. मेसमध्ये तीन उमेदवारांचे तीन डबे ठेवले, प्रत्येकाने जाता जाता एक बी टाकायची. चाचांचा डबा भरून बिया खाली सांडल्या. जावई ओरडला, “अब्बा, आता साहेबाच्या शेजारी बसणार! विडी पेटलेली ठेवा हं.”

मग वहीचा प्रश्न आला. बैठकीत बसायच्या आधी प्रतिनिधीने वहीत सही करायची होती. वर इंग्रजीत मजकूर होता, मी चाचांना वाचून दाखवला: कंपनीचे नियम आणि समितीचा निर्णय मला व माझ्या लोकांना अंतिम म्हणून मान्य आहे.

“म्हणजे निकाहच झाला,” चाचा म्हणाले. “एकदा कबूल म्हटलं की नवरीचे पुढचे दातही कबूल.”

तरी ते बसायला तयार होते. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. चाचा म्हणाले होते, “करतो सही. सही काय, अंगठाच. अंगठ्याला काय कळतं? पण आत बसून बोलेन तर खरा. तू सांग त्यांना इंग्रजीत, मी बोलतो तसंच्या तसं.”

तसंच्या तसं. चाचांची जीभ मला माहीत होती. साहेबाला ते तोंडावर चोर म्हणाले असते, आणि ते माझ्या तोंडातून निघालं असतं. दुभाष्याचा आवाज आणि बोलणाऱ्याचा आवाज यांत साहेब लोक फारसा फरक करत नाहीत.  आणि मला आयरिश माणसाचा बाप आठवला.

मी चाचांना ती हकिकत सांगितली. चांगली सांगितली, रंगवून. राणीची शपथ, निवडून येऊन न बसणारे ताठ लोक, दारोदार फिरणारा बाप. नदीवरच्या पुलाचं काही सांगितलं नाही. शेवटी म्हणालो, “चाचा, सही केलीत की होडीसाठी जसं काम थांबवलंत तसं परत थांबवता येणार नाही. तुमचेच हात बांधले जातील. निवडून आलात, झालं. खुर्ची रिकामी ठेवा. ती त्यांना टोचत राहील.”

यातलं काहीच खोटं नव्हतं. तीच तर माझी सोय होती.

चाचा मोठ्याने हसले. “म्हणजे वरात काढायची, आणि नवऱ्याने घोड्यावरून उतरायचंच नाही!” मग गंभीर झाले. “पण आत काय शिजतं ते मला कळायला पाहिजे. तू असणार ना आत लिहायला?”

“असणार.”

“मग तू माझा कान. आधी सांगायचं, नंतर नाही.”

“इन्शाल्ला, चाचा.”

“इन्शाल्ला नको. हो म्हण.”

मी हो म्हणालो.

फोरमनला मी हे अभिमानाने सांगितलं. वाटलं, खूष होईल. तो हसला नाही. विचारलं, “आतली बातमी त्याला कोण देणार?” मी म्हटलं, मी.  “मग सगळं तुझ्यावर आहे,” तो म्हणाला. “त्या म्हाताऱ्यावर नाही.”

पहिले दोन महिने जमलं. बैठकीचा विषयांचा कागद दोन दिवस आधी माझ्याकडे टाइपला यायचा. कार्बनची एक प्रत मी खिशात ठेवायचो, शुक्रवारी नमाजानंतर चाचांना वाचून दाखवायचो. पिण्याच्या पाण्याची टाकी साहेबांच्या क्वार्टरकडे हलवायचं घाटत होतं. बैठकीच्या सकाळी सगळे जण रिकामे डबे घेऊन ऑफिससमोर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. विषय गुंडाळला गेला. आत खुर्ची रिकामी, आणि बाहेर डबे. त्या दिवशी मला वाटलं, आयरिश बाप बरोबर होता.

नंतर साहेबाने मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, इथलं बोलणं बाहेर जातं आहे. तुझ्याकडून नाही, याची मला खात्री आहे. मग हसून म्हणाला, तुला कायम करायचं माझ्या मनात आहे, बायकोला आणायची परवानगीही देता येईल. माझं लग्न होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. बस, एवढंच. त्याने धमकी दिली नाही. मला धमकीची गरज नव्हती.

पुढच्या कागदावर चार विषय होते. चौथा असा: बार्जजवळ उभी असणारी होडी व दोन माणसे दुपारनंतर किनाऱ्यावरच्या कामासाठी घेण्यात यावीत. मी ते स्वतः टाइप केलं. प्रत खिशात ठेवली, सवयीने.

शुक्रवारी नमाज झाला. मशिदीबाहेर चपला शोधत असताना चाचा आले, मागून जावई.

“काय रे, काय आहे या खेपेला कागदावर?”

“काही नाही, चाचा. बर्फाचं, आणि संडासाच्या दुरुस्तीचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

जावई म्हणाला, “मुन्शीजी, संडासाला तरी अब्बांना आत पाठवा. तिथे सही लागत नाही.” तिघेही हसलो. मीही हसलो. शर्टाच्या खिशात कार्बनचा कागद घामाने छातीला चिकटला होता. संध्याकाळी पाहिलं तर निळी अक्षरं बनियनवर उमटली होती. त्यानंतर चाचा जावयाला पोहायला शिकवायला किनाऱ्यावर घेऊन गेले. तसे ते चार शुक्रवार नेत होते. जावई कंबरभर पाण्यापुढे जात नसे.

मी स्वतःची समजूत घातली. दुपारनंतर फक्त. समुद्र शांत असतो. इतके महिने कोणी पडलेलं नाही.

बैठकीत चौथा विषय निघाला. साहेबाने वाचला, रिकाम्या खुर्चीकडे पेन्सिल रोखली आणि विचारलं, “कामगारांची काही हरकत?” अकाउंटंट हसला. साहेब माझ्याकडे वळला, “लिही.” मी लिहिलं: कामगार प्रतिनिधी अनुपस्थित. हरकत: नाही.

माझ्या त्या दोन ओळींना दहा दिवस झाले असतील.

मी तिथे नव्हतो. जे पाहिलं ते इतरांनी, मला सांगितलं ते लिहितो. दुपारची वेळ होती, होडी त्याच दिवशी पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत किनाऱ्यावर नेली होती. एक दगड साखळीतून सुटून बार्जच्या कडेवर आपटला, बार्ज कलली, जावई पाण्यात गेला. चाचा ‘होडी, होडी’ ओरडत धावले ते होडी नेहमी असायची त्या बाजूला. तिकडे नुसतं पाणी होतं. मग त्यांनी स्वतः उडी मारली. पण ते चुकीच्या बाजूला धावले होते, तिथून वळसा घालून यावं लागलं. जावई एकदा वर आला म्हणतात. दुसऱ्यांदा कोणी पाहिला नाही. भरती उलटली तेव्हा बांधाच्या दगडांत सापडला. त्याच संध्याकाळी वाळूत कबर खणली. चाचांनी सगळ्यात आधी माती टाकली आणि मग ते कितीतरी वेळ हात झाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. पायात चपला नव्हत्या. “होडी कुठे गेली ते विचार त्याला,” मला म्हणाले. मी विचारलं. साहेबाने फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, वाचून दाखव, निर्णय समितीचा आहे. माझंच टायपिंग मी चाचांना मराठीत वाचून दाखवलं.

“माझी खुर्ची होती तिथे?”

“होती.”

“आणि विचारलं? हरकत आहे का, असं विचारलं?”

“विचारलं.”

चाचा मान हलवत राहिले. “मी असतो तर नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले. “मी अंगठ्याला घाबरलो. अंगठा दिला असता तर पोरगा असता.”

ते माझ्याकडे पाहत होते. आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, माहीत नाही. त्यांनी विचारलंच नाही. विषय ऐन वेळी निघाला असेल असं ते धरून चालले. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

फोरमनच्या मनात आलं. संध्याकाळी तो आला, टेबलावर बसला नाही, दारातच उभा राहिला.

“कागद तू टाइप केलास?”

“हो.”

“बैठकीच्या आधी की नंतर?”

मी टाइपरायटरवर कापड घालत राहिलो. तो गेला. परत कधी पत्र सांगायला आला नाही. मेसमध्ये मी त्याला डाव्या हाताने लिहिताना पाहायचो, लहान मुलासारखी मोठी मोठी अक्षरं. भावाला त्याने शेवटी काय कळवलं, आत जा की बाहेर राहा, ते मला कळलं नाही. डब्लिनच्या सभागृहात ते लोक पुढे बसू लागले, लंडनच्या नाही, एवढं मी वर्तमानपत्रांतून वाचत आलो.

त्यांनी तो नेम सोडावा का? मुलाने मला सरळ विचारलं तर मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. सही करून चाचा आत बसले असते तर त्यांचे हात बांधले गेले असते, हे खरंच होतं. डबे घेऊन बाहेर बसलेले लोक जिंकले होते, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. पण बाहेर राहणाऱ्याच्या वतीने कोणीतरी एक जण आत असतो, कारकून, शिपाई, दुभाष्या, आणि सगळी ताठ मान त्या एकाच्या भरवशावर उभी असते. तो विकला गेला, किंवा नुसता घाबरला, की रिकाम्या खुर्चीचा अर्थ समोरचा लावेल तो. लंडनच्या त्या खुर्च्यांपुढे आज कोण लिहायला बसतं, हे मला माहीत नाही. मला आमची एकच खुर्ची माहीत आहे.

चाचा पुढच्या बोटीने गावी गेले, परत आले नाहीत. विधवा मुलगी त्यांच्याच घरी राहिली. गावात ते स्वतःच सांगत सुटले, ‘माझ्या हट्टाने जावई मेला.’ लोकांना तेवढं पुरलं. मशिदीत पोरं मागून कुजबुजायची, खुर्चीवाला चाचा. त्यांनी पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. खाडीपलीकडे लग्नाला जायचं तरी पुलावरून, लांबून. मला कायम केलं. बायको आली. मुलगा दुबईत जन्मला.

रजेवर गेलो की प्रत्येक वेळी त्यांच्या घरी जायचो. खजूर न्यायचो नाही, बाकी सगळं न्यायचो. दर वेळी वाटेत शब्द जुळवायचो. आणि दर वेळी ओटीवर बसताच चाचाच सुरू करायचे, “तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू मला बाहेर राहा म्हणालास, तुझा विचार चांगला होता. माझंच चुकलं.” आत स्वयंपाकघरात मुलीच्या बांगड्या वाजायच्या आणि थांबायच्या. ती ऐकत असायची. मी चहा प्यायचो.

शेवटचा गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. डोळे मिटलेले. मुलगी म्हणाली, “ऐकू येतं त्यांना, बोला तुम्ही,” आणि पाणी आणायला आत गेली. मी त्यांच्या कानाशी वाकलो. चाचांनी डोळे न उघडता विचारलं, “कोण?” मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, “हां. माझा कान,” आणि हसल्यासारखं केलं. मी तसाच वाकून राहिलो, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन परत येईपर्यंत. मग सरळ झालो, पाणी प्यायलो, निघालो. महिन्याभरात ते गेले. दोन वर्षांपूर्वी मुलगीही गेली.

त्यांच्या कानाशी वाकलो होतो तेव्हा बोलायचं होतं ते एवढंच होतं: चाचा, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही आत बसायला तयार होतात, मीच तुम्हाला बाहेर ठेवलं, कारण तुमचं बोलणं साहेबासमोर बोलायची मला भीती वाटत होती. त्या शुक्रवारी मशिदीबाहेर तुम्ही विचारलंत तेव्हा होडीचा कागद माझ्या खिशात होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मला माफ करा.